विमा कंपनीचं ‘जादा पैसे परत करा’ पत्र आलं तर काय करायचं: छोट्या रुग्णालयांसाठी

पत्र बहुतेक वेळा ईमेलनं येतं, आणि ऐन ओपीडीच्या गर्दीत येतं. ‘आपल्या रुग्णालयाच्या दाव्यांच्या तपासणीत जादा अदायगी आढळली आहे. १५ दिवसांत रक्कम भरावी, अन्यथा पुढील देयकांतून वळती करण्यात येईल.’ सोबत तेवीस ओळींचं एक एक्सेल. एकूण ४,८६,३०० रुपये.

आमच्या डॉक्टरांनी ते मोबाइलवर वाचलं आणि मला आत बोलावून हळूच विचारलं, “ताई, भरून टाकूया का? पॅनेल जायला नको.” पॅनेल म्हणजे कंपनीच्या कॅशलेस रुग्णालयांची यादी. मी सांगलीतल्या वीस खाटांच्या एका रुग्णालयाचं बिलिंग आणि विम्याचं टेबल गेली बरीच वर्षं बघते. हा प्रश्न मी मिरजेतल्या, इस्लामपुरातल्या, विट्यातल्या डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकलाय. त्यातल्या काहींनी खरोखरच न बघता भरून टाकले. त्या पैशांत दोन नर्सचा वर्षभराचा पगार निघाला असता. आम्ही मात्र प्रत्येक फाइल काढली. शेवटी भरावे लागले ४१,२०० रुपये, आणि ते भरायलाच हवे होते, कारण चूक आमची होती. उरलेल्या रकमेचं काय झालं ते पुढे येईलच.

तुमचं रुग्णालय नवं असेल, टीपीएच्या (विमा कंपनीसाठी दाव्यांचे कागद हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेच्या) टेबलावर नुकतीच कोणी मुलगी बसवली असेल, तर हे तिच्यासाठी आणि तुमच्यासाठी. कंपनीचं पत्र ही एका बाजूची मागणी असते. न्यायालयाचा हुकूम नव्हे. मागणी सिद्ध करायची जबाबदारी मागणाऱ्याची असते. पण मुदतीत उत्तर गेलं नाही तर तीच मागणी कबुलीसारखी पुढे चालत राहते.

पहिला दिवस: पत्र कोणाचं आणि शब्द कोणते

आधी सही कोणाची ते बघा. टीपीए हा मधला माणूस. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, नियमांनुसार दावा नाकारण्याचा निर्णय विमा कंपनीनं घ्यायचा आणि कंपनीनंच कळवायचा असतो. टीपीए फक्त कागदांची प्रक्रिया करतो. त्यामुळे वसुलीचं पत्र नुसत्या टीपीएच्या लेटरहेडवर असेल, तर पहिला प्रश्न हाच विचारा: हा निर्णय विमा कंपनीच्या कोणत्या अधिकाऱ्यानं, कोणत्या तारखेला घेतला? २९ मे २०२४ च्या मास्टर परिपत्रकानुसार कोणताही दावा नाकारण्याआधी कंपनीच्या समितीची मान्यता लागते. पैसे देऊन झाल्यावर तोच दावा मागून नाकारायचा असेल, तर निर्णय कोणी केला हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

मग शब्द बघा. ‘जादा अदायगी’, ‘टॅरिफमधील (ठरलेल्या दरांतला) फरक’, ‘कागदपत्रं अपुरी’ हे शब्द असतील तर हे हिशेबाचं भांडण आहे आणि टेबलावर सुटू शकतं. ‘फसवणूक’, ‘बनावट’, ‘खोटा दाखला’ असं काही लिहिलं असेल तर त्याच दिवशी वकिलाकडे जा. त्यात पुढे पोलीस तक्रार आणि वैद्यकीय परिषदेकडे तक्रार येऊ शकते. तिथं बिलिंगच्या मुलीनं परस्पर एकही ओळ लिहू नये.

त्या दिवशी करायच्या गोष्टी थोड्याच. ईमेल कधी आला त्याचा स्क्रीनशॉट ठेवा आणि उत्तराची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. कंपनीच्या माणसाशी फोनवर ‘बघतो’, ‘करून टाकू’, ‘हप्त्यात घ्याल का’ असलं काही बोलू नका, आणि लिहून तर मुळीच देऊ नका. १९६३ च्या मुदत कायद्यात सहीनिशी लेखी कबुली दिली की मुदतीचं घड्याळ नव्यानं सुरू होतं. जी मागणी मुदतीबाहेर जाण्याच्या बेतात होती, तिला तुमच्याच एका ओळीनं जीवदान मिळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. फाइलला हात लावू नका.

हे मी जरा लांबवून सांगते, कारण इथं चांगली माणसं घसरतात. पत्र आल्यावर फाइल उघडली की रिकाम्या जागा दिसतात. राउंडची नोंद नाही, सही राहिलीय, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्टवर एक रात्र कोरी आहे. डॉक्टरांना नीट आठवत असतं की त्या रात्री आपण आलो होतो. पेन हातात असतं. पण आज भरलेली जुनी नोंद शाईवरून, हस्ताक्षरावरून आणि आधी पाठवलेल्या स्कॅनवरून ओळखू येते. कंपनीकडे त्या फाइलची जुनी प्रत बहुतेक वेळा असतेच. दोन प्रती वेगळ्या निघाल्या की हिशेबाचं भांडण फसवणुकीचं होतं आणि बाकीच्या बावीस खऱ्या फाइलींवरचा विश्वासही जातो. सांगायचं राहिलेलं काही असेल तर वेगळ्या कागदावर, आजची तारीख घालून, ‘स्पष्टीकरण’ असं लिहून डॉक्टरांनी सही करावी. मूळ फाइल जशी आहे तशी स्कॅन करा आणि कपाटात कुलूप लावून ठेवा.

पहिलं उत्तर: पोच द्या आणि कागद मागा

दोन-तीन दिवसांत एक छोटं पत्र जायला हवं. ईमेलनं पाठवा, शिवाय स्पीड पोस्टानंही पाठवून पोचपावती जपून ठेवा. आमचं पत्र साधारण असं होतं:

‘आपले पत्र मिळाले. त्यातील मागणी आम्हाला मान्य नाही. प्रत्येक दाव्याचे तपशीलवार उत्तर देण्यासाठी पुढील कागद आवश्यक आहेत: प्रत्येक दाव्यावरील आक्षेप व त्याचे कारण, आक्षेप घेणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे मत व नोंदणी क्रमांक, करारातील ज्या कलमाखाली वसुली मागितली ते कलम, प्रत्येक रकमेचा हिशेब, तपासणीचा अहवाल. हे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत आम्ही उत्तर देऊ. तोपर्यंत आमच्या कोणत्याही देयकातून रक्कम वळती करू नये. आमचे सर्व हक्क राखून.’

इंग्रजीत लिहिलं तरी मुद्दे हेच. ‘मान्य नाही’ हे शब्द पहिल्याच पत्रात असू द्या. नुसतं ‘कागद पाठवा’ लिहिलं तर मागणी मान्य असून फक्त तपशील हवाय, असा अर्थ काढता येतो.

कागद मागितले की अनेकदा मागणीतलं पोकळ काय ते उघडं पडतं. आमच्या तेवीस ओळींपैकी दोन ओळी आमच्या रुग्णालयाच्या नव्हत्याच. जवळपास त्याच नावाचं दुसरं एक रुग्णालय आहे, त्याचे ते दावे होते. रोहिणी क्रमांक ताडून बघितल्यावर ४८,००० रुपये तिथंच गळाले. हा क्रमांक विम्याच्या नोंदवहीत प्रत्येक रुग्णालयाला वेगळा दिलेला असतो. म्हणून यादी हाती आली की आधी नावं आणि रोहिणी क्रमांक जुळवा.

एमओयू बाहेर काढा

पॅनेलवर येताना सही केलेला करार कुठं आहे? अर्ध्या रुग्णालयांत त्याची सही-शिक्क्याची प्रत सापडत नाही. नसेल तर कंपनीकडून लेखी मागा. टॅरिफच्या जोडपत्रांसकट मागा, कारण खरी लढाई जोडपत्रातच असते.

त्यात चार गोष्टी शोधा. एक, तपासणीचा हक्क कोणत्या काळापुरता दिलाय. दोन, वसुली आणि पुढच्या बिलातून वळती करण्याचं कलम आहे का, असेल तर आधी नोटीस द्यायला हवी का आणि किती दिवसांची. तीन, वाद झाला तर लवाद कुठं बसणार. छापील करारात बहुधा कंपनीच्या मुख्यालयाचं शहर असतं. चार, नोटीस कोणत्या पत्त्यावर द्यायची. तुमची उत्तरं तिथंच जायला हवीत. टीपीएच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलेला पीडीएफ म्हणजे नोटीस होत नाही.

कंपनीनं काही फाइली तपासून त्यांवरून सगळ्या वर्षाचा आकडा गुणून काढला असेल, तर करारात तसं करायची मुभा कुठं आहे ते विचारा. मुभा नसेल तर प्रत्येक रुपया कोणत्या फाइलमधला, हे त्यांनीच दाखवायचं. शिवाय दंड म्हणून दुप्पट-तिप्पट रक्कम मागितली असेल, तर १८७२ च्या करार कायद्याचं ७४ वं कलम वकिलांना दाखवा. करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी त्या कलमाखाली वाजवी भरपाईच मिळते, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा.

मुदतीचा मुद्दाही इथंच बघा. पैशाच्या मागणीला साधारण तीन वर्षांची मुदत असते. चुकून दिलेले पैसे परत मागता येतात, हे करार कायद्याच्या ७२ व्या कलमात आहे. आणि चूक किंवा फसवणूक असेल तर मुदत ती कळल्यापासून मोजतात, हे मुदत कायद्याच्या १७ व्या कलमात आहे. म्हणून ‘जुनं आहे, सोडून द्या’ एवढ्यावर विसंबू नका. पण कंपनीनं प्री-ऑथ (आधीची मंजुरी) दिलं, मधे दोन क्वेऱ्या विचारल्या, एन्हान्समेंट (वाढीव रक्कम) मंजूर केलं, अंतिम बिलातून डिडक्शनही (कपातही) केलं, आणि मग तीन वर्षांनी ‘चुकून दिले’ म्हणते, तेव्हा चूक नेमकी कुठं झाली हे सांगायला तिला भाग पाडा. सगळं समोर असताना, तपासून दिलेले पैसे चुकीचे कसे, हा रास्त प्रश्न आहे. आता डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत मंजुरी द्यायची असते, त्यामुळे घाईत दिलं असंही कंपन्या म्हणतात. तपासायचा त्यांचा हक्क त्यानं जात नाही, पण त्यांच्या घाईची किंमत तुम्ही का मोजावी?

तेवीस ओळींचं तेवीस फाइलींत रूपांतर

एकूण आकड्याशी भांडू नका. एका मोठ्या तक्त्यात प्रत्येक दावा घ्या: दावा क्रमांक, दाखल आणि डिस्चार्जची तारीख, बिल, मंजूर रक्कम, तेव्हाच झालेलं डिडक्शन, खात्यात आलेली रक्कम आणि तिचा यूटीआर (बँक व्यवहाराचा) नंबर, आत्ताचा आक्षेप, आपलं उत्तर, जोडलेले कागद. हे काम कंटाळवाणं आहे. आम्हाला नऊ संध्याकाळी लागल्या. पण वसुली इथंच थांबते.

तक्ता पूर्ण झाल्यावर आमच्या यादीचं चित्र असं दिसलं. दोन दुसऱ्याचे दावे, ४८,०००. तीन दाव्यांत जी रक्कम आता मागितली होती ती सेटलमेंटच्या वेळीच कापलेली होती, ६१,५००. नऊ दाव्यांत ‘गरजेपेक्षा जास्त मुक्काम’, १,५७,२००. पाच दाव्यांत ‘पॅकेजमधलं वेगळं लावलं’, १,१२,६००. चार दाव्यांत इम्प्लांटचे (शरीरात बसवलेल्या वस्तूचे) कागद नाहीत, १,०७,०००. पहिल्या दोन गटांना वैद्यकीय उत्तरच लागत नव्हतं. सेटलमेंट लेटर आणि बँकेचं स्टेटमेंट लावलं की झालं.

मुक्कामाचा आक्षेप

हा सगळ्यात जास्त येतो. एक फाइल जवळून बघा. तासगाव तालुक्यातल्या साठीच्या एका आजी न्यूमोनियानं दाखल होत्या, सात दिवस. आक्षेप: ‘रुग्ण चौथ्या दिवशी स्थिर, तीन दिवस अनावश्यक.’ आमची डिस्चार्ज समरी काढली. तिच्यात लिहिलं होतं, ‘उपचारांना चांगला प्रतिसाद मिळाला, प्रकृती सुधारत गेली.’ प्रत्येक समरीत आम्ही हेच वाक्य चिकटवत होतो. तपासणाऱ्यानं तेवढंच वाचलं होतं, आणि त्याला दोष देता येत नाही.

पण नर्सिंगच्या कागदावर चौथ्या रात्री दोन वाजता नोंद होती: ताप १०१.८, ऑक्सिजनशिवाय संपृक्तता ८९ टक्के, दोन लिटर ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना फोन केला. दोन वीसला डॉक्टरांची नोंद आणि सही. पाचव्या दिवशी पुन्हा छातीचा एक्स-रे. सहाव्या दिवशी संध्याकाळी ऑक्सिजन काढला आणि इंजेक्शनवरून गोळ्यांवर आणलं. सातव्या दिवशी घरी सोडलं. उत्तर चार ओळींचं झालं, प्रत्येक ओळीसमोर फाइलचं पान. ‘चौथ्या दिवशी स्थिर’ हे म्हणणं टिकलं नाही.

उत्तर लिहिताना हाच क्रम ठेवा: काय झालं, कधी झालं, कोणत्या पानावर आहे, आणि म्हणून घरी का सोडता आलं नाही. ‘रुग्णाच्या हितासाठी’ वगैरे वाक्यं नकोत. ‘आमचे डॉक्टर अनुभवी आहेत’ हेही नको. रात्रीच्या नर्सनं घातलेला वेळेचा आकडा या सगळ्यांपेक्षा जड असतो. त्या नर्सला मी नंतर ते पान दाखवलं. तिला कल्पनाही नव्हती की आपण लिहिलेल्या एका ओळीनं एवढं काही होतं.

नऊपैकी आठ मुक्काम असेच टिकले. नववा टिकला नाही. तो रुग्ण शनिवारी घरी जाण्यासारखा होता, गाडी मिळाली नाही म्हणून सोमवारपर्यंत राहिला, आणि तसं कुठं लिहिलेलंही नव्हतं. ९,८०० रुपये आम्ही मान्य केले.

पॅकेज, इम्प्लांट आणि बाकीचं

पॅकेजचा आक्षेप आला की टॅरिफचं जोडपत्र उघडा आणि शब्दाला शब्द लावा. पाचपैकी तीन फाइलींत एकाच भुलीत दोन शस्त्रक्रिया होत्या. जोडपत्रात लिहिलं होतं की दुसरीचे निम्मे लावावेत, आणि आम्ही निम्मेच लावले होते. दोन फाइलींत मात्र सहायक सर्जनची फी पॅकेजात धरलेली असताना आम्ही ती वेगळी लावली होती. ३१,४०० रुपये. तेही मान्य केले.

चुकलेलं सरळ मान्य करा. वीस ठिकाणी नाही म्हणणाऱ्यानं तीन ठिकाणी ‘हो, चुकलं, हे घ्या’ म्हटलं की त्याच्या ‘नाही’ला वजन येतं. शिवाय ते पैसे आपले नव्हतेच.

इम्प्लांटच्या चार फाइलींत स्टिकर नव्हता. हर्नियाच्या जाळीचा स्टिकर फाइलीवर लावायचा असतो. आमच्याकडे ओटीच्या (शस्त्रक्रियागृहाच्या) मुलानं तो सवयीनं ओटी रजिस्टरमध्ये चिकटवला होता. रजिस्टरचं पान, पुरवठादाराचं बिल आणि बॅच नंबर जुळवून दिल्यावर चारही सुटल्या. हृदयातल्या स्टेंटची किंमत २०१७ च्या फेब्रुवारीत आणि गुडघ्याच्या इम्प्लांटची त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारनं बांधून दिली. तिथं आक्षेप आला तर त्या तारखेची ठरलेली किंमत आणि तुमचं खरेदीबिल दोन्ही लावा.

कधी कधी ‘तुमचं रुग्णालय व्याख्येतच बसत नाही’ असा आक्षेप घेऊन सगळा दावाच परत मागतात. विम्यातल्या प्रमाणित व्याख्येनुसार नोंदणी असेल तर ती पुरते. नाही तर दहा लाखांपेक्षा कमी लोकवस्तीच्या गावात किमान १० खाटा, बाकी ठिकाणी १५, शिवाय चोवीस तास पात्र नर्स व डॉक्टर, सुसज्ज ओटी आणि रोजच्या नोंदी लागतात. २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास होती, म्हणजे आपल्याला १० चा निकष. नर्सिंग होम नोंदणीच्या नूतनीकरणात खंड पडलेला नाही ना, ते मात्र आजच बघा. पडला असेल तर अर्जाची पोच शोधा.

कागदच उरले नाहीत तर

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं होतं. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. सांगलीच्या पेठांतल्या कितीतरी दवाखान्यांचं रेकॉर्ड तळमजल्यावरच होतं. जुलै २०२१ ला पुन्हा पाणी आलं. भिजून लगदा झालेल्या फाइली लोकांनी नाइलाजानं फेकल्या. अशा काळातल्या फाइली मागितल्या तर पंचनाम्याची प्रत, तलाठ्याचा किंवा पालिकेचा दाखला, त्या वेळचे फोटो लावा, आणि दावा सादर करताना पाठवलेल्या प्रती कंपनीनंच तिच्या सर्व्हरवरून काढून द्याव्यात असं लिहा.

पूर नसला तरीही, वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. सहा वर्षांपूर्वीच्या टीपीआर चार्टची मागणी आली तर हा नियम दाखवा. करारात जास्त वर्षं लिहिली असतील तर मात्र करार बघावा लागेल.

टीडीएस विसरू नका

रुग्णालयाला पैसे देताना टीडीएस कापायचा, हे प्रत्यक्ष कर मंडळानं २००९ च्या परिपत्रकात टीपीएंना स्पष्ट सांगितलेलं आहे. दर दहा टक्के. कंपनी परत मागते ती पूर्ण रक्कम. तुमच्या खात्यात मात्र नव्वद टक्केच आलेले असतात आणि त्या वर्षीचा कर भरूनही झालेला असतो. आमच्या ४१,२०० पैकी ३७,०८० खात्यात आले होते, ४,१२० टीडीएसला गेले होते. भरण्याआधी सीएंना विचारा आणि कंपनीशी लेखी ठरवा की निव्वळ किती द्यायचे आणि टीडीएसची दुरुस्ती कोणी करायची.

वळती सुरू झाली तर

उत्तर दिल्यावरही पुढच्या बिलांतून कापाकापी सुरू होते, आणि तिचा पत्ता उशिरा लागतो, कारण सेटलमेंट लेटरमध्ये ती ‘इतर वजावट’ म्हणून लपलेली असते. प्रत्येक यूटीआर मंजुरीच्या रकमेशी दर आठवड्याला जुळवा. फरक दिसला की त्याच दिवशी लेखी हरकत घ्या, कलम विचारा.

इथं उद्यम नोंदणी उपयोगी पडते. २००६ च्या एमएसएमई कायद्याखाली सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या सेवा देणाऱ्याला ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत. नाही मिळाले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. १ एप्रिल २०२५ पासून लघुची मर्यादा २५ कोटी गुंतवणूक आणि १०० कोटी उलाढाल आहे, म्हणजे आपल्याकडची बहुतेक खासगी रुग्णालयं तिच्यात येतात. थकबाकीसाठी सुविधा परिषदेकडे, म्हणजे या कायद्याखाली अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या मंडळाकडे, ऑनलाइन अर्ज करता येतो. तुम्ही जिथं आहात तिथल्या परिषदेला अधिकार असतो, मग कंपनी कुठलीही असो. परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर कंपनीला आधी ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते. नोंदणी मात्र आधीच हवी. भांडण झाल्यावर केलेली नोंदणी जुन्या बिलांना लावायला गेलात तर आव्हान मिळणार. नोंदणीला पैसे लागत नाहीत. आजच करून टाका.

कुठल्या दारावर जायचं

दोन दारांवर नवे लोक वेळ घालवतात. विमा लोकपाल आणि बीमा भरोसा पोर्टल हे पॉलिसीधारकांसाठी आहेत. कंपनीशी पॅनेलचा करार असलेल्या रुग्णालयाचं भांडण तिथं बसत नाही. ग्राहक आयोगाचंही तेच, कारण तुम्ही कंपनीचे ग्राहक नाही, तिला सेवा देणारे आहात.

आधी कंपनीच्या प्रादेशिक कार्यालयातल्या नेटवर्क विभागप्रमुखाकडे समोरासमोर बैठक मागा. डॉक्टरांनी स्वतः जावं, तक्ता घेऊन. आमचं प्रकरण तिथंच मिटलं, दोन बैठकांत. आयएमएच्या, म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेच्या, स्थानिक शाखेला आधी कळवा, कारण तेच एक्सेल आणखी चार रुग्णालयांना गेलेलं असू शकतं.

नाही मिटलं तर करारातलं लवादाचं कलम. १९९६ च्या लवाद कायद्याच्या २१ व्या कलमाची नोटीस वकिलांमार्फत द्या. कंपनीनं एकटीनंच लवाद नेमला तर ते चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं आणि २०२४ मध्ये घटनापीठानंही एकतर्फी नेमणुकीविरुद्धच निकाल दिला. लवाद बसेपर्यंत वळती थांबवायची असेल तर ९ व्या कलमाखाली न्यायालयात अर्ज करता येतो. मनाई मिळाली की ९० दिवसांत लवाद सुरू करावा लागतो. करारात लवादच नसेल तर तीन लाखांवरचा वाद वाणिज्य न्यायालयात जातो, आणि तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी बंधनकारक आहे.

सरकारी विमा कंपनीनं न ऐकता पॅनेलवरून काढलं असेल तर उच्च न्यायालयाचा रस्ताही आहे. त्यासाठी आता मुंबईची रात्रीची गाडी पकडावी लागत नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं आहे, सांगली आणि सातारा दोन्ही तिच्याकडे आहेत.

वसुलीपायी रुग्णाला मात्र फोन करू नका. कॅशलेसनं घरी गेलेल्या माणसाकडे दोन वर्षांनी फरक मागायचा नाही. हे भांडण तुमचं आणि कंपनीचं आहे.

मिटल्यावर

मान्य केलेली रक्कम भरताना सोबतच्या पत्रात लिहा की ही रक्कम फक्त या-या तीन दाव्यांची आहे आणि बाकीच्या मागणीची कबुली नव्हे. मग कंपनीकडून लेखी घ्या: दाव्यांची पूर्ण यादी, प्रत्येकासमोर ‘वसुली मागे घेतली’ किंवा ‘रक्कम मिळाली’, आणि या दाव्यांवर पुढे मागणी नाही. आम्हाला हे पत्र यायला दोन महिने लागले. दर सोमवारी मी आठवणीचा ईमेल टाकत होते. पत्र आलं तेव्हा यादीत बावीसच दावे होते. तेविसावा राहिला होता, तोच आजींचा. आणखी एक सोमवार, आणखी एक ईमेल, आणि मग तोही आला.